भरती-ओहोटीचे बेट

इंग्लंडच्या उत्तर भागात, किनाऱ्याजवळ लिंडिसफार्न नावाचे बेट आहे. इ. स. ६३५ मध्ये एडन नावाच्या साधूने तिथे मठ स्थापला. ७९३ मध्ये समुद्री लुटारूंनी तो लुटला. पुढे तिथे दुसरा मठ झाला. त्याच्या पडक्या भिंती पाहायला आज लोक जातात.

ओहोटीला वाट उघडी पडते. भरतीला ती बुडते. दिवसातून दोनदा असे होते. १९५४ साली पक्का रस्ता झाला. पण तोही बुडतो!

जाण्या-येण्याच्या वेळा पाटीवर लिहिलेल्या असतात. कुणी म्हणतो, “एवढ्याशा पाण्याला काय भ्यायचं?” मग गाडी पाण्यात अडकते. वाटेत उंच खांबांवर एक खोली आहे. अडकलेल्याने तिच्यात चढून जीव वाचवायचा.

समुद्र कुणासाठी थांबत नाही. आधी पाटी वाचा, मग पाऊल टाका.