दोन खुंट्या, एक दोरी व पृथ्वीचा मार्ग

एके वर्षीं वैशाखांत बदलापुरास एका वृद्ध बंधूंनीं आम्हांस विचारलें, "पाळकसाहेब, सूर्य हल्लीं जवळ आला असेल, नाहीं का?" आम्ही विचार न करितां "होय" म्हणालों. तें उत्तर चुकीचें होतें. तें दुरुस्त करण्यासाठीं हा पाठ.

अंगणांत दोन खुंट्या ठोका. १०० सेंटीमीटर दोरीचें एकेक टोंक एकेका खुंटीस बांधा. काडीनें दोरी ताणून धरा आणि काडी दोन्ही बाजूंनीं फिरवा. मातींत जी आकृति उमटेल, तिला लंबवर्तुळ म्हणतात. खुंट्यांच्या जागा ह्या तिच्या नाभी होत. खुंट्यांमधील अंतरास दोरीच्या लांबीनें भागिलें असतां येणारी संख्या ती विकेंद्रता. खुंट्या ६० सेंटीमीटर दूर असल्या, तर विकेंद्रता ०.६, आकृति १०० सेंटीमीटर लांब व ८० रुंद होते. खुंट्या एकाच जागीं आणिल्या, तर विकेंद्रता शून्य व आकृति शुद्ध वर्तुळ.

पृथ्वीच्या मार्गाची विकेंद्रता सुमारें ०.०१६७ आहे, म्हणजे आपल्या खुंट्या पावणेदोन सेंटीमीटरांहूनहि किंचित जवळ. अशा आकृतीची रुंदी लांबीपेक्षां मिलिमीटराच्या पांचव्या भागाइतकीहि कमी भरत नाहीं. डोळ्यांस ती वर्तुळच दिसते. परंतु सूर्य मध्यावर नसून एका नाभीवर आहे. म्हणून तो जानेवारीच्या आरंभीं सुमारें १४ कोटि ७१ लक्ष किलोमीटर, तर जुलईच्या आरंभीं १५ कोटि २१ लक्ष किलोमीटर दूर असतो. अर्थात् उल्हास नदीकांठीं थंडी पडते, तेव्हांच सूर्य सर्वांत जवळ! उन्हाळा होतो तो पृथ्वीचा आंस सुमारें साडेतेवीस अंश कलला असल्यामुळें. मे महिन्याच्या मध्यास अंबरनाथ-बदलापुरास मध्यान्हीं सूर्य डोक्यावर येतो. डिसेंबरअखेर तो सुमारें ४७ अंशच वर चढतो, व दिवसहि लहान असतो.

ग्रहांचा मार्ग लंबवर्तुळ आहे, हें योहान केप्लर ह्या जर्मन प्रॉटेस्टंट ज्योतिष्यानें १६०९ सालीं मंगळावरून दाखविलें. पाळक होण्याच्या हेतूनें तो ट्यूबिंगेन येथें शिकला होता. वर्तुळ धरून केलेलें त्याचें गणित टायको ब्राहीच्या वेधांशीं जुळेना. फरक अवघ्या ८ कलांचा, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या सुमारें चौथ्या भागाचा होता. "एवढी चूक चालेल," असें न म्हणतां त्यानें आपलें श्रमाचें गणित टाकून दिलें व नवें आरंभिलें.

उपदेशक बंधूंनो, थोडक्यांत विश्वासू असण्याचा प्रभूचा धडा येथेंहि लागू आहे. सूर्याविषयीं आपण निष्काळजीपणें बोललों, तर सुवार्तेविषयींचें आपलें बोलणें लोकांनीं कां मानावें? आम्हीं त्या वृद्ध बंधूंकडे जाऊन आपली चूक कबूल केली व त्यांच्या अंगणांत खुंट्या ठोकून दाखविल्या.

मुलांसाठीं प्रश्न: हॅलेचा धूमकेतु १९८६ सालीं सूर्याजवळ आला होता, पुन्हां २०६१ सालीं येईल. त्याच्या मार्गाची विकेंद्रता ०.९६७ आहे. तर आपल्या दोरीसाठीं खुंट्या किती अंतरावर ठोकाव्या?