खडा बघून यंत्र

रत्नागिरीत मुतखडा झाला की दोन सल्ले फुकट मिळतात: कुळथाचं पाणी पी, नाहीतर सरळ कोल्हापूरला जा. मला तिसरा मिळाला, 'बिनकापाचं मशीन'. म्हणजे बाहेरून धक्के देऊन खडा फोडणारी लिथोट्रिप्सी. यंत्र वाईट नाही. 1980 साली म्युनिकमध्ये ते पहिल्यांदा माणसावर वापरलं आणि तेव्हापासून कितीतरी जणांची चिरफाड वाचली.

पण माझा खडा मूत्रपिंडाच्या खालच्या कप्प्यात, दीड सेंटिमीटरचा, आणि सीटी स्कॅनमध्ये त्याची घनता 1300 हाउन्सफील्ड. हजाराच्या वरचा खडा धक्क्यांना सहसा दाद देत नाही, आणि खालच्या कप्प्यातला चुरा सहजी बाहेर येत नाही. आकडा रिपोर्टात छापलेला होता, पण त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. मी गेलो त्या दवाखान्यात होतं तेच यंत्र मला सुचवलं गेलं. खडा अर्धवट फुटला, तुकडे मूत्रवाहिनीत अडकले आणि त्या कळांनी मी भिंतीला डोकं टेकून बसलो.

पुढे दुसरीकडे लघवीच्या वाटेने लवचीक दुर्बीण वर नेली आणि होल्मियम लेझरने भुगा केला. आता थुलियम फायबर लेझरही आलंय. त्याचा भुगा आणखी बारीक होतो. पण 'लेझर' शब्दाला भुलू नका. खडा दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर बहुधा पाठीतून छोटं भोक पाडून काढणंच सरस ठरतं, नाहीतर दुर्बिणीच्या फेऱ्या वाढतात. म्हणून कुठलं मशीन चांगलं, हे विचारू नका. खडा केवढा, कुठे, किती कडक, हे विचारा. मग म्हणा, "डॉक्टर, सगळी यंत्रं हाताशी असती तर तुम्ही कुठलं निवडलं असतं?" एका बैठकीत काम झालं नाही तर पुढचा खर्च कोणाचा, सरकारच्या महात्मा फुले आरोग्य योजनेत बसतं का, हेही आधीच विचारून घ्या.

आत डीजे स्टेंट, म्हणजे मूत्रवाहिनीतली तात्पुरती नळी, ठेवला असेल तर तो काढायची तारीख कागदावर लिहून घ्या. दुखणं थांबलं की लोक तो विसरतात आणि महिनोन्‌महिने राहिलेल्या स्टेंटवरच नवे खडे धरतात.

आणि कळांबरोबर थंडी वाजून ताप आला, तर ही सगळी तुलना बाजूला ठेवा. तुंबलेल्या मूत्रपिंडातला जंतुसंसर्ग जिवावर बेततो. अशा वेळी खडा फोडण्याआधी तुंबलेली लघवी मोकळी करावी लागते. रात्र असली तरी सकाळची वाट न बघता जवळचं मोठं रुग्णालय गाठा.