सतरापैकी सतरा

प्रश्न : माझा पुतण्या अमेरिकेत असतो. तिकडच्या फुटबॉलचं वेड त्याला लागलंय. फोनवर तो सांगतो, ‘यंदा आपला संघ ११-६.’ म्हणजे अख्ख्या मोसमात फक्त १७ सामने? आणि एवढेच सामने असतील, तर सगळेच्या सगळे जिंकणारा संघ कधी झालाय का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : झालाय, पण एकच. १९७२ च्या मोसमातला मायामी डॉल्फिन्स. साखळीतले १४ पैकी १४, बाद फेरीतले दोन आणि १४ जानेवारी १९७३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये झालेला सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. एकूण १७ पैकी १७. एनएफएल ही त्यांची लीग १९२० पासून चालू आहे. पहिल्या सामन्यापासून विजेतेपदापर्यंत एकदाही न हरता किंवा बरोबरी न होता पोचलेला दुसरा संघ तिच्या इतिहासात नाही.

आधी पुतण्याचे आकडे. ११-६ म्हणजे अकरा जिंकले, सहा हरले. १९७२ मध्ये साखळीत १४ सामने असत, १९७८ पासून १६ झाले आणि २०२१ पासून १७. आठवड्याला एकच सामना. याचं कारण मैदानावर दिसतंच : जवळपास प्रत्येक चालीत शंभर-सव्वाशे किलोची माणसं एकमेकांवर आदळतात. अंग पुन्हा जुळवायला आठवडाही कमीच पडतो. बाद फेरीत तर एक हार आणि मोसम संपला.

आता मायामीकडे. १९६६ मध्ये सुरू झालेला हा संघ आधीच्याच मोसमात अंतिम सामन्यात डॅलसकडून २४-३ असा सपाटून हरला होता. प्रशिक्षक डॉन शुला. पाचव्या सामन्यात त्यांचा क्वार्टरबॅक बॉब ग्रीसी याचा पाय मोडला. क्वार्टरबॅक हा या खेळातला सूत्रधार. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते, त्यामुळे तो गेला की बहुतेक संघांचा मोसमच आटोपतो. शुलांनी मैदानात उतरवला अर्ल मॉरल, वय ३८. दुसऱ्या संघाने सोडून दिलेला हा खेळाडू मायामीने अवघ्या शंभर डॉलर शुल्कात उचलला होता.

मॉरल आणि शुला यांचा जुना हिशेब होता. १९६८ चा मोसम दोघांनी बाल्टिमोर कोल्ट्समध्ये गाजवला, मॉरल त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जेट्सने त्यांना १६-७ असं हरवलं. त्या दिवशी मॉरलचे तीन पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले. त्याच माणसावर शुलांनी पुन्हा भरवसा टाकला. साखळीतले उरलेले नऊही सामने आणि बाद फेरीतला पहिला सामना मॉरलने जिंकून दिला. पुढच्या सामन्यात, पिट्सबर्गविरुद्ध, आक्रमण अडखळलं तेव्हा शुलांनी उत्तरार्धात बऱ्या झालेल्या ग्रीसीला आणलं आणि मायामी २१-१७ जिंकलं. या मोसमाचं श्रेय सहसा लॅरी झोंका आणि मर्क्युरी मॉरिस या धावणाऱ्या जोडीला मिळतं. दोघांनीही प्रत्येकी हजार यार्डांची मजल मारली, एका संघात असं पहिल्यांदाच घडत होतं. तरी माझं मत मॉरललाच.

अंतिम सामना वॉशिंग्टनशी. मायामी १४-० ने पुढे, शेवटची दोनेक मिनिटं उरलेली. गॅरो येप्रेमियन फील्ड गोल मारायला आला. तो तीन गुणांचा, म्हणजे १७-० मोसमाचा शेवट १७-० गुणांनी झाला असता! पण चेंडू अडवला गेला, उसळून पुन्हा त्याच्याकडे आला, आणि सायप्रसमध्ये जन्मलेल्या, मूळ सॉकर खेळणाऱ्या या किकरने तो उचलून फेकायचा प्रयत्न केला. चेंडू हातातून निसटला, वॉशिंग्टनच्या माइक बासने झेलला आणि थेट टचडाऊन केला, म्हणजे चेंडू मायामीच्या गोलरेषेपार नेला. १४-७. उरलेला वेळ मायामीच्या बचावाने निभावला. विशेष म्हणजे त्या बचावफळीला ‘नो-नेम डिफेन्स’ म्हणत, कारण तिच्यात बाहेरच्यांना माहीत असलेली नावंच नव्हती.

टीकाकार म्हणतात, त्यांना प्रतिस्पर्धी सोपे मिळाले. यात तथ्य आहे. साखळीतल्या त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांपैकी फक्त कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स या दोघांनी मोसमात हारींपेक्षा जास्त विजय मिळवले होते. पण वेळापत्रक संघ ठरवत नाही, आणि बफेलोविरुद्ध २४-२३, मिनेसोटाविरुद्ध १६-१४ असे निकाल पाहिले की ‘सोपे’ हा शब्द जरा जपून वापरावासा वाटतो. (जाता जाता : १९७२-७३ मध्येच मुंबईने सलग पंधरावी रणजी जिंकली. अर्थात तिथे अनिर्णित सामनाही पहिल्या डावाच्या आघाडीवर पदरात पडत होता.)

मग पुन्हा कोणी का जमवलं नाही? सर्वांत जवळ आला २००७ चा न्यू इंग्लंड पेट्रियट्स. टॉम ब्रेडी क्वार्टरबॅक, साखळीत १६-०, बाद फेरीतले दोन जिंकून १८-०. ३ फेब्रुवारी २००८ ला अंतिम सामन्यात जायंट्सच्या डेव्हिड टायरीने चेंडू एका हाताने हेल्मेटला दाबून धरला, त्याच चढाईत जायंट्सने शेवटच्या मिनिटात टचडाऊन केला, आणि पेट्रियट्स १७-१४ हरले. दोनच वर्षांनी इंडियानापोलिस कोल्ट्स १४-० होते. बाद फेरीतलं अव्वल स्थान पक्कं झालेलं, म्हणून त्यांनी क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगला मध्येच विश्रांती दिली आणि आघाडी असलेला सामना घालवला. संघव्यवस्थापनाने हे शहाणपण मानलं, त्यांच्याच प्रेक्षकांनी मात्र हुर्यो उडवली. मी त्या प्रेक्षकांच्या बाजूचा.

मूळ कारण मात्र लीगच्या रचनेत आहे. नवे खेळाडू निवडताना आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली संधी मिळते, आणि १९९४ पासून संघाने पगारावर एकूण किती खर्च करायचा यालाही मर्यादा आहे. त्यामुळे जिंकणाऱ्या संघाला आपले सगळे चांगले खेळाडू फार काळ टिकवता येत नाहीत. उलट टोकाचा विक्रम मात्र दोन संघांच्या नावावर आहे : डेट्रॉइट (२००८) आणि क्लीव्हलँड (२०१७), दोघंही ०-१६.

पुतण्याचा ११-६ चा संघ तेव्हा चांगलाच म्हणायचा. त्याला सांगा, सुपर बोल फेब्रुवारीत असतो आणि आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमारास सुरू होतो. उठवायचं असेल तर त्याने आदल्या दिवशीच कळवावं.