रक्तातील विळा

दिवाळीच्या सुमारास पाचोऱ्याच्या शिवारात ज्वारीच्या कापणीची धांदल सुरू होते. मग घरोघरी कुडाला खोचून ठेवलेले विळे बाहेर निघतात व त्यांना धार लावली जाते. हा विळा तुमच्या चांगल्या परिचयाचा आहे. परंतु काही माणसांच्या रक्तातही विळ्याच्या आकाराच्या अतिसूक्ष्म पेशी असतात, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? मला ते फार उशिरा कळले. आणि ते कळण्यापूर्वी माझ्या हातून एका मुलावर अन्याय घडला.

मी मुख्याध्यापक असताना सातपुड्याच्या पायथ्याकडील एक मुलगा आमच्या शाळेत सातवीत शिकत होता. तो बुद्धीने चलाख होता. पण वरचेवर गैरहजर राही. मैदानावर एक-दोन फेऱ्या झाल्या, की तो मटकन खाली बसे. पौषातील एका कडाक्याच्या थंडीच्या सकाळी, कवायत चालू असता, तो पाय धरून कळवळू लागला. "झाले याचे सोंग सुरू!" असे मी सर्वांदेखत बोलून गेलो. मुले हसली. तो मात्र काही बोलला नाही. त्याचे डोळे पिवळसर दिसत होते. ते मी पाहिले, पण त्याचा अर्थ मला उमगला नाही.

आठ दिवसांनी त्याचे वडील शाळेत आले. त्यांच्या हातात रक्ततपासणीचा कागद होता. ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, पोरगा सोंग करीत नव्हता. गावात लोक म्हणत, याला बाहेरची बाधा आहे. अंगारे-धुपारे झाले. आता डॉक्टरांनी खरे कारण सांगितले." त्या कागदावर रोगाचे नाव होते, सिकलसेल.

'सिकल' म्हणजे विळा आणि 'सेल' म्हणजे पेशी. आपल्या रक्तातील तांबड्या पेशी गोल, मऊ व मध्यभागी किंचित दबलेल्या असतात. त्यांच्यात हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते. श्वासाबरोबर आलेला प्राणवायू ते सर्व शरीरास पोहोचविते. सिकलसेलच्या रुग्णात या हिमोग्लोबिनची घडणच निराळी असते. प्राणवायू सोडून दिला, की त्याचे ताठ धागे बनतात आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्ताचा मार्ग अडला, की हाडांत व सांध्यांत असह्य वेदना उठतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही विळ्याची पेशी १०-२० दिवसांतच नष्ट होते. म्हणून रुग्णाच्या अंगात रक्त कमी असते, तो लवकर थकतो व त्याचे डोळे पिवळे दिसतात.

या पेशींचे पहिले वर्णन १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी प्रसिद्ध केले. दोष हिमोग्लोबिनमध्येच आहे, हे १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. भारतात हा विकार १९५२ साली निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत आढळला. पुढे विदर्भात, गुजरातेत, मध्य प्रदेशात आणि आपल्या खानदेशातही तो दिसून आला. पूर्वी ज्या भागांत हिवतापाचा उपद्रव फार असे, तेथे हा विकार अधिक आढळतो. मात्र तो कोणा एकाच जातीचा किंवा जमातीचा नव्हे.

मग हा रोग होतो कसा? तो स्पर्शाने होत नाही, एका ताटात जेवल्याने होत नाही, कोणाच्या पापाने अथवा करणीनेही होत नाही. शरीर कसे घडावे याच्या सूचना ज्यांत असतात, त्यांना जनुके म्हणतात. हिमोग्लोबिनच्या या सूचनेची एक प्रत आपणांस आईकडून व एक वडिलांकडून मिळते. एकच प्रत सदोष असेल, तर मनुष्य बहुधा निरोगीच राहतो. त्यास वाहक म्हणतात. दोन्ही प्रती सदोष असतील, तरच हा रोग होतो. आईवडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक मुलास रोग होण्याचा संभव चारांत एक, वाहक होण्याचा चारांत दोन व पूर्णपणे मुक्त राहण्याचा चारांत एक असतो. पहिले मूल निरोगी निघाले, म्हणून दुसऱ्याविषयी काहीच सांगता येत नाही. प्रत्येक वेळी नाणी नव्याने उडविली जातात.

वाहक दिसण्यात इतरांसारखाच असतो. म्हणून रक्ताची तपासणी हाच त्यास ओळखण्याचा मार्ग होय. विवाहापूर्वी ती केली, तर दोघांनाही पुढील धोका आधीच कळतो व डॉक्टरांचा सल्ला घेता येतो. या कामासाठी १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय मोहिमेचा आरंभ झाला. वयाच्या चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करणे, हा तिचा संकल्प आहे. दरवर्षी १९ जून हा जागतिक सिकलसेल दिन म्हणून पाळला जातो.

रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, थंडीपासून व अतिश्रमापासून जपावे आणि ताप येताच डॉक्टरांकडे जावे. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेकांच्या वेदनांचे झटके कमी होतात. २०१६ च्या कायद्याने सिकलसेलचा समावेश दिव्यांगत्वाच्या यादीत केला आहे.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर मी सर्व मुलांसमोर माझी चूक कबूल केली. मग त्या मुलाच्या बाकावर पाण्याची बाटली राहू लागली, आणि कवायतीच्या वेळी गुण मोजण्याचे काम त्याच्याकडे आले. जी मुले त्या दिवशी हसली होती, तीच त्याच्या गैरहजेरीत त्याच्या वह्या पूर्ण करून ठेवू लागली.

मुलांनो, वेदना डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून ती खोटी नसते. तुमच्या वर्गातही एखादा सोबती वारंवार दमत असेल, वरचेवर आजारी पडत असेल. त्यास हसण्यापूर्वी, "तुला काय होते?" एवढे आपुलकीने विचारा. जो प्रश्न मी विचारावयास हवा होता, तो तुम्ही विचारा.

स्वाध्याय

१. मुख्याध्यापकांच्या हातून कोणता अन्याय घडला? त्यांनी त्याची भरपाई कशी केली?
२. निरोगी तांबडी पेशी व विळ्याच्या आकाराची पेशी यांतील फरक सांगा.
३. वाहक व रुग्ण यांत भेद काय?
४. 'वेदना डोळ्यांनी दिसत नाही. म्हणून ती खोटी नसते.' या वाक्याचा आशय स्वतःच्या शब्दांत लिहा.
५. कृती : दोन नाणी एकदम चाळीस वेळा उडवा. दोन्ही छापे, दोन्ही काटे आणि एक छापा व एक काटा किती वेळा पडतो, ते मांडा. त्याचा पाठाशी संबंध वर्गात सांगा.