धबधब्याला निघण्याआधी घरातच ठरव

अगं, आषाढ लागला की घरोघरी एकच टुमणं सुरू होतं, ‘धबधब्याला जाऊ या.’ तूही सासूबाई, मुलं, दीर-जाऊ अशी सगळ्यांची मोट बांधून निघते आहेस. जरूर जा. घरातली माणसं मोबाइल बाजूला ठेवून एकाच गोष्टीकडे डोळे भरून बघताहेत, असे दिवस वर्षात किती येतात? पण निघण्याआधी दोन गोष्टी ऐकून ठेव.

जागा निवडताना घरातल्या सर्वांत थोरल्या आणि सर्वांत धाकट्या माणसाचा विचार कर. भिजायला जायचं ठरलं, की सासूबाई पिशव्या सांभाळत कडेला बसतात आणि धाकट्याच्या मागे पळता पळता तुझा दिवस संपतो. म्हणून मी म्हणेन, साताऱ्याजवळच्या ठोसेघरला जा. तिथे धबधबा खोल दरीत कोसळतो आणि आपण समोरच्या कठड्यामागून तो बघायचा. आजी आणि नातू, दोघांनाही सारखाच दिसतो. शक्यतो रविवार टाळ आणि सकाळी लवकर पोहोच, कारण धुकं उतरलं की नुसता आवाज ऐकू येतो. पण तेवढ्यावरून लगेच परत फिरू नकोस. जरा थांबलं, की वारा कधीकधी पडदा बाजूला सारतो. वाटेवर सज्जनगड आहे. समर्थांच्या समाधीचं दर्शन होईल, पण शेवटी पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा सासूबाईंचे गुडघे आधी विचारात घे.

मुलं पाण्यात जाण्याचा हट्ट धरतील, कदाचित मोठेही धरतील. इथे मात्र पाघळू नकोस. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती. प्रवाहाच्या मधोमध, एकमेकांना घट्ट धरून ती उभी होती. आपल्या डोक्यावर पाऊस नसला तरी वर डोंगरात तो कोसळत असतो. सह्याद्रीचा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही, त्यामुळे ते सगळं थेट ओढ्यात उतरतं. एक घनमीटर पाण्याचं वजन 1000 किलो भरतं. असं पाणी वेगानं आलं, की गुडघाभर असलं तरी धडधाकट माणसाचे पाय सुटतात. म्हणून कुठे पाण्यात उतरलातच आणि पाणी गढूळ झालं, पालापाचोळा वाहून यायला लागला किंवा आवाज वाढला, तर फोटो पुरा व्हायची वाट बघायची नाही. सगळ्यांनी तडक बाहेर यायचं. प्रवाहाच्या मधल्या दगडावर तर चढायचंच नाही.

हे सगळं कळतं गं आपल्याला. अडचण वेगळीच असते. ऐन वेळी ‘पुरे आता’ म्हणणारी बाई भित्री ठरते, रंगाचा बेरंग करणारी ठरते. मग ती गप्प बसते. तुझ्यावर ती वेळ येऊ नये म्हणून आदल्या रात्री, जेवताना, सगळ्यांसमोर एक नियम ठरवून घे. कुणीही एकानं ‘बाहेर’ म्हटलं, की सगळ्यांनी बाहेर यायचं. म्हणणारी सहा वर्षांची मुलगी असो नाहीतर सासूबाई, वाद घालायचा नाही आणि नंतर चिडवायचंही नाही. नवऱ्याकडून आणि दिराकडून मोठ्यानं ‘हो’ वदवून घे. घरी दिलेला शब्द पाण्याशी गेल्यावर मोडणं जड जातं.

बाकी तयारीत तू पक्की आहेस, तरी सांगते. जीन्स नको, ती ओली झाली की जड होते आणि लवकर वाळत नाही. मागे पट्टा असलेल्या, खाचदार तळव्याच्या सँडल घाला, शेवाळावर गुळगुळीत चप्पल टिकत नाही. प्रत्येकाच्या कपड्यांचा एक जादा जोड, टॉवेल आणि आडोशाला एक मोठी ओढणी घे. बायकांनी स्वच्छतागृहाचं काम साताऱ्यातच उरकून घ्यावं. दशम्या, थालीपीठं, कोरडी चटणी आणि थर्मासमध्ये चहा असला की कुणाची कुरकुर राहत नाही. कचऱ्यासाठी वेगळी पिशवी ठेव आणि ती भरून परत आण. आणि अंधार पडायच्या आत घाट उतरा.

आज रात्रीच विषय काढ. सगळे ‘हो’ म्हणाले, की मला फोन कर.