औषधाला दाद न देणारे जंतू

हिवताप म्हणजे थंडी वाजून येणारा ताप. डास चावला की हिवतापाचे जंतू रक्तात शिरतात. आम्ही शाळेत होतो तेव्हा यावर क्लोरोक्विनच्या गोळ्या मिळत. फार कडू! ताप उतरला की उरलेल्या गोळ्या आम्ही कोनाड्यात ठेवून देत असू. ते चुकलेच. अर्धे औषध घेतले की लेचेपेचे जंतू मरतात आणि दणकट तेवढे उरतात.

दणकट म्हणजे कसे? जंतू रक्त खातो तेव्हा त्याच्या पोटात विषारी गाळ सुटतो. जंतू तो गाळ निर्विष करून टाकतो. क्लोरोक्विन त्याला तसे करू देत नाही. मग तो आपल्याच विषाने मरतो. पण काही जंतूंच्या पोटाला जणू मोरी असते. तिच्यातून ते औषधच बाहेर टाकतात.

असे जंतू आसामात १९७३ साली आढळले. आफ्रिकेतल्या मलावी देशात तर ते इतके माजले, की १९९३ साली सरकारने क्लोरोक्विन बंद करून दुसरे औषध सुरू केले.

१२ वर्षे गेली. मिरियम लॉफर या अमेरिकेतल्या डॉक्टरबाई या जंतूंचा अभ्यास करतात. २००५ साली त्यांनी व त्यांच्या सोबत्यांनी मलावीतल्या ब्लँटायर शहरात आजारी मुलांना जुने क्लोरोक्विन देऊन पाहिले. ८० मुलांपैकी एकालाच गुण आला नाही! चालू असलेले दुसरे औषध ८७ मुलांना दिले होते. त्यातल्या ७१ मुलांना ते लागू पडले नाही.

हे कसे झाले? मोरीवाल्या जंतूला खाल्लेले नीट पचत नाही. औषधाचा मारा होता तोवर मोरीने त्याला तारले. मारा थांबला आणि तीच मोरी त्याला जड झाली. साधे जंतू थोडे उरले होते, ते भराभर वाढून पुढे गेले. जंतूला काही अक्कल नसते बरे का. जो तगला त्याचाच वंश वाढतो.

तरीही मलावीने एकटे क्लोरोक्विन पुन्हा सुरू केले नाही. तसे केले असते तर मोरीवाल्यांचे दिवस परत आले असते. २००७ साली तेथे दोन औषधे मिळून केलेली गोळी आली. एका औषधातून जंतू निसटला, तरी दुसरे त्याला गाठते.