कामगार कोणाचा?



गेल्या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील एक बंधू कामावर असताना जिन्यावरून घसरले व पायाचे हाड मोडले. एका हॉटेलात ते नऊ वर्षे रात्रपाळी करीत होते. पण मालकाच्या वहीत ते कामगार नव्हतेच. दरमहा 'सेवा शुल्क' लिहिलेल्या व्हाउचरवर त्यांची सही घेतली जाई. त्यामुळे पीएफ नाही, ईएसआयचे कार्डही नाही. चिंचवडला मोहननगरात ईएसआयचे रुग्णालय आहे, लोणावळ्याहून लोकलने जाता येते. हे मात्र खाजगी दवाखान्यात गेले आणि घरातले दागिने गहाण पडले.

तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्हाला शिकविले होते की वस्तूला दिलेले नाव म्हणजे वस्तू नव्हे. न्यायालयाचेही तेच म्हणणे आहे. नागपूरच्या एका विडी कारखान्याचा खटला 1960 च्या सुमारास सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मालकाचे म्हणणे असे की, ही माणसे नगावर पैसे घेतात, वाटेल तेव्हा येतात-जातात, मग ती कामगार कशी? न्यायालयाने पाहिले की काम कारखान्यातच बसून करावे लागते, हजेरी लागते, दुपारनंतर आलेल्याला काम मिळत नाही, आणि विडी पसंत नसेल तर नाकारण्याचा हक्क मालकाचा. ती माणसे कामगार ठरली. 1985 मध्ये तर घरी बसून विड्या वळणाऱ्यांनाही पीएफ लागू असल्याचा निकाल झाला. मग रात्रभर मालकाच्या दारात, मालकाने ठरविलेल्या वेळेत उभा राहणारा माणूस व्हाउचरमुळे स्वतंत्र व्यावसायिक कसा होईल?

20 माणसे असली की पीएफ, 10 असली की ईएसआय. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आकडे तेच आहेत. ठेकेदारामार्फत आलेली माणसेही मोजावी लागतात. पीएफमध्ये साधारणपणे पगाराचे 12 टक्के कामगाराचे व तितकेच मालकाचे. ईएसआयमध्ये 2019 पासून मालकाचे 3.25 व कामगाराचे 0.75 टक्के. व्यवसाय कर वेगळा. तो 1975 च्या राज्याच्या कायद्याखालचा असून मालकाने पगारातून कापून सरकारात भरायचा असतो, वर्षाला जास्तीत जास्त 2,500 रुपये. चिक्कीच्या दुकानात चारच जण असतील तर पीएफ-ईएसआयचे बंधन नाही. किमान वेतन मात्र सुटत नाही.

पगारातून पीएफचे पैसे कापायचे आणि भरायचेच नाहीत, हा प्रकार आम्ही कबुलीकक्षाबाहेरही पुष्कळ ऐकतो. काहींना ती नुसती उशीर-दंडाची बाब वाटते. कायदा त्याला फौजदारी विश्वासघात मानतो, कारण कापल्या क्षणीच तो पैसा मालकाचा राहत नाही. मजुरी अडवून ठेवणाऱ्यांविषयी संत याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात लिहिले आहे, ते घरी जाऊन अवश्य वाचावे.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1981 च्या आपल्या परिपत्रकात 'अप्रत्यक्ष मालक' असा शब्द वापरला आहे. पगार आपण देत नाही, पण ज्या व्यवस्थेमुळे तो ठरतो तिच्यात आपला हात असतो. हे वाचताना आम्हाला ओशाळल्यासारखे झाले. धर्मग्रामाच्या सभागृहाच्या साफसफाईचा ठेका आम्हीच सर्वांत कमी दर सांगणाऱ्याला दिला होता. त्याला तो परवडतो कसा, हे विचारले नव्हते. विचारल्यावर कळले की बायकांच्या नावाने काहीच भरले जात नाही. आता बिलासोबत भरणा केल्याचे चलन मागतो. दर वाढला, अर्थसमितीत कुरकुर झाली, अजूनही होते.

नोकरी करणाऱ्यांनी आपला पीएफचा यूएएन क्रमांक मालकाकडून मागून घ्यावा आणि पासबुकात दर महिन्याचा भरणा दिसतो का ते पाहावे. येत्या रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर सभागृहात युवा गटाची मुले यासाठी बसतील. मोबाईल व आधार कार्ड सोबत आणावे. वर सांगितलेल्या बंधूंचा दावा दाखल करावयाचा आहे. त्यांच्याबरोबर त्या हॉटेलात काम केलेल्या कोणाकडे जुने हजेरी कार्ड, रात्रपाळीचा तक्ता किंवा मालकाने पाठविलेले मोबाईलवरील संदेश असतील, तर ते पुसून टाकू नयेत व आम्हाला येऊन दाखवावेत.